उशिरां सांपडलेला टॉवेल

गोदातीरीं विष्णुपुरीस नांदेडचें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. दूरदूरच्या खेड्यांतून रोगी तेथें येतात. सरकारी रुग्णालयांत रोग ओळखण्यास उशीर झाला आणि तेवढ्यांत कर्करोग पसरला, तर गरिबानें दाद कोणाकडे मागावी? या प्रश्नाचें मूळ मराठवाड्यांतीलच एका खटल्यांत सांपडतें.

जुलै १९६३ मध्यें औरंगाबादच्या (आजच्या छत्रपति संभाजीनगरच्या) सरकारी रुग्णालयांत एका स्त्रीस मुलगा झाला. १३ तारखेस तिच्यावर संततिप्रतिबंधाची शस्त्रक्रिया झाली. पाठोपाठ ताप चढला, पोटांत असह्य कळा येऊं लागल्या. १९ तारखेस पोट पुन्हा उघडलें, तों आंत राहिलेला टॉवेल निघाला. भोंवतीं पू सांठला होता. २४ तारखेस ती वारली.

पतीनें व मुलांनीं सरकारवर दावा लावला. दिवाणी न्यायालयानें ३६,००० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयानें तो हुकूमनामा फिरविला. सर्वोच्च न्यायालयानें २० फेब्रुवारी १९९६ रोजीं तो पुन्हा कायम केला. टॉवेल कांहीं आपल्या पायांनीं पोटांत जात नाहीं. तेव्हां तो कोणाच्या हातून राहिला हें रोग्याच्या आप्तांनीं सिद्ध करण्याची गरज नाहीं, आणि नोकरांच्या हयगयीस सरकार जबाबदार आहे, असें ठरलें. एवढें ठरावयास साडेबत्तीस वर्षें लागलीं!

या निकालाचें मोल खेडुतास विशेष आहे. कारण १९९५ साली याच न्यायालयानें वैद्यकसेवा ग्राहक-कायद्याखालीं आणली खरी, पण जेथें सर्वांनाच फुकट औषधोपचार मिळतो तीं रुग्णालयें वगळलीं. नोंदणीचें नाममात्र शुल्क दिल्यानें रोगी ग्राहक ठरत नाहीं. त्यास दिवाणी न्यायालयाचीच वाट धरावी लागते.

कर्करोगाचा दावा याहून अवघड. टॉवेल दाखवितां येतो. गेलेले महिने कसे दाखवावे? इंग्लंडांत १९९४ साली एका गृहस्थाच्या काखेंतील गांठ डॉक्टरानें चरबीची म्हणून सोडून दिली. ती लसीकाग्रंथींच्या कर्करोगाची होती. सुमारें नऊ महिने फुकट गेले. रोगमुक्त होऊन दहा वर्षें जगण्याची आशा शेंकडा ४२ वरून २५ वर आली. डॉक्टराची चूक मान्य झाली. तरीहि २००५ साली लॉर्डांच्या सभागृहानें तीन विरुद्ध दोन मतांनीं भरपाई नाकारली. मूळची आशाच निम्म्याहून कमी, म्हणून विलंबानें ती गेली असें म्हणतां येत नाहीं, हा त्यांचा तर्क. तो कायद्यास धरून असेल, पण रोग्याच्या दृष्टीनें ४२ आणि २५ यांत मोठेंच अंतर आहे. निकालाच्या वेळीं तो गृहस्थ हयात होता.

अशा दाव्यांत सारें कागदावर येऊन ठेपतें. आंतररुग्णांचे कागद तीन वर्षें जपावे व मागितल्यास ७२ तासांत द्यावे, असा २००२ चा वैद्यक-परिषदेचा नियम आहे. बाह्यरुग्ण विभागांतील चिठ्ठी मात्र बहुधा रोग्याच्याच पिशवींत राहते; आणि गांठ प्रथम कोणत्या दिवशीं दाखविली, हें तीवरच लिहिलेलें असतें.