‘ॲजाइल’ म्हणजे नेमके काय? आयटीत जाणाऱ्या मुलामुलींनी आणि घरच्यांनी समजून घ्यावे असे काही

अंधेरीचे सीप्झ, मालाडचे माइंडस्पेस, घाटकोपर-विक्रोळीची ऑफिसे, मुलुंडहून खाडीपूल ओलांडला की ऐरोली. उपनगरांतील आपली कितीतरी मुले-मुली रोज इथे कामाला जातात. घरी त्यांच्या फोनवर ‘स्प्रिंट’, ‘स्टँड-अप’, ‘बॅकलॉग’ असे शब्द कानावर पडतात. साबू सिद्दीक, रिझवी किंवा काळसेकरमधून इंजिनिअरिंग करणाऱ्यांना मुलाखतीत हमखास विचारले जाते, “ॲजाइलमध्ये काम केलंय का?” मग क्लासवाल्यांच्या जाहिराती दिसू लागतात आणि घरात प्रश्न पडतो, हजारो रुपये भरून सर्टिफिकेट घ्यायचे का? त्याचे उत्तर शोधण्याआधी ही पद्धत समजून घेतलेली बरी.

जुनी पद्धत आणि तिची अडचण

पूर्वी सॉफ्टवेअर इमारतीसारखे बांधले जाई. आधी ग्राहकाच्या सगळ्या गरजा लिहून घ्यायच्या, मग आराखडा, मग कोडिंग, शेवटी तपासणी. याला ‘वॉटरफॉल’ म्हणतात. पाणी धबधब्यावरून खाली येते, परत वर जात नाही, तसेच हे. अडचण अशी की ग्राहकाला वस्तू दिसते ती अगदी शेवटी. तोपर्यंत पैसे संपलेले असतात आणि त्याची गरजही बदललेली असते.

याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेच्या एफबीआयचे आहे. तपासाच्या फाइली संगणकावर आणण्यासाठी सुरू केलेली ‘व्हर्च्युअल केस फाइल’ ही योजना सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये सोडून द्यावी लागली. नंतर ‘सेंटिनेल’ नावाची दुसरी योजना आली, तीही रखडली. २०१० मध्ये एफबीआयने काम स्वतःच्या हातात घेतले, टीम लहान केली आणि दर दोन आठवड्यांनी चालणारा एकेक भाग दाखवायला सुरुवात केली. जुलै २०१२ मध्ये ती प्रणाली सगळीकडे सुरू झाली.

ॲजाइल आले कुठून?

१९८६ मध्ये ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी होंडा, कॅनन यांसारख्या कंपन्या नवी उत्पादने कशी घडवतात यावर लेख लिहिला. रग्बीत सगळा संघ मिळून चेंडू पुढे नेतो, तशी ही टीम चालते, असे त्यांनी म्हटले. रग्बीतलाच ‘स्क्रम’ हा शब्द पुढे जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांनी सॉफ्टवेअरच्या कामासाठी वापरला.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञ जमले आणि त्यांनी ‘ॲजाइल जाहीरनामा’ लिहिला. त्यात ४ मूल्ये आणि १२ तत्त्वे आहेत. सार एवढेच: कागदपत्रांच्या ढिगापेक्षा चालणारे सॉफ्टवेअर महत्त्वाचे, करारावरून भांडण्यापेक्षा ग्राहकासोबत काम करणे महत्त्वाचे, ठरलेल्या योजनेला चिकटण्यापेक्षा बदल स्वीकारणे महत्त्वाचे, आणि साधनांपेक्षा माणसे व त्यांचा आपसातला संवाद महत्त्वाचा.

प्रत्यक्षात काम कसे चालते?

समजा, घाटकोपरमधल्या एका मेडिकल स्टोअरला घरपोच औषधांचे ॲप हवे आहे. मालकाच्या डोक्यात चाळीस गोष्टी आहेत: ऑर्डर, पेमेंट, सवलत, आठवण करून देणारा मेसेज. या सगळ्यांची महत्त्वानुसार लावलेली यादी म्हणजे ‘बॅकलॉग’. यादीत वर काय आणि खाली काय, हे ठरवणारी व्यक्ती म्हणजे ‘प्रॉडक्ट ओनर’.

टीम वरच्या दोन-तीन गोष्टी उचलते आणि ठरलेल्या मुदतीत पूर्ण करते. ही मुदत म्हणजे ‘स्प्रिंट’. ती जास्तीत जास्त एक महिन्याची असते. बऱ्याच ठिकाणी दोन आठवडे ठेवतात. रोज १५ मिनिटे सगळे भेटतात: काम कुठवर आले, कुठे अडले, आज काय करायचे. स्प्रिंट संपली की झालेले काम मालकाला चालवून दाखवायचे, हा ‘रिव्ह्यू’. मग टीमने आपसात बसून आपल्या कामाच्या पद्धतीत काय सुधारायचे ते ठरवायचे, हे ‘रेट्रोस्पेक्टिव्ह’. टीम सहसा दहा किंवा त्याहून कमी जणांची असते. पद्धत नीट पाळली जाते ना आणि अडथळे दूर होतात ना, हे ‘स्क्रम मास्टर’ पाहतो.

आता पहिल्याच रिव्ह्यूत मालक म्हणाला, “माझी वयस्कर गिऱ्हाइकं औषधाचं नाव टाइप करणार नाहीत, चिठ्ठीचा फोटो पाठवतील.” ही गोष्ट दोन आठवड्यांत कळली. जुन्या पद्धतीत आठ महिन्यांनी कळली असती. ॲजाइलचा खरा फायदा हाच आहे. चूक होणारच, पण ती स्वस्तात आणि लवकर सापडते.

मुंबईची मोठी कंपनी

१९६८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या टीसीएसने २०२० पर्यंत पूर्ण कंपनी ॲजाइल करायचे उद्दिष्ट जाहीर केले होते. मार्च २०२० अखेर तिच्याकडे सुमारे ४ लाख ४८ हजार कर्मचारी होते, त्यावरून कामाचा आवाका समजतो. अडचण अशी होती की जाहीरनामा समोरासमोर बोलण्यावर भर देतो, आणि इथल्या टीमचा ग्राहक मात्र न्यूयॉर्क किंवा लंडनला. म्हणून वेगवेगळ्या शहरांत बसलेल्या टीमसाठी टीसीएसने ‘लोकेशन इंडिपेंडंट ॲजाइल’ ही आपली पद्धत आखली.

याचा संबंध आपल्या घराशीही येतो. न्यूयॉर्कचे सकाळचे दहा म्हणजे मुंबईत संध्याकाळचे साडेसात किंवा रात्रीचे साडेआठ. रमजानमध्ये हीच वेळ इफ्तारनंतरची किंवा तरावीहची असते. शुक्रवारी दुपारी रिव्ह्यू ठेवला तर जुम्याची वेळ येते. यावर उपाय पद्धतीतच आहे. स्प्रिंट आखताना कोण किती वेळ देऊ शकेल हे आधीच मांडले जाते. तेव्हाच मोकळेपणाने सांगावे, म्हणजे बैठकीची वेळ आणि कामाचा हिशेब दोन्ही जुळवता येतात. ऐनवेळी सांगितले की सगळ्यांचीच पंचाईत होते.

कुठे बिघडते?

नाव ॲजाइल आणि कारभार जुनाच, असे पुष्कळ ठिकाणी चालते. रोजची १५ मिनिटे साहेबांपुढे हजेरी देण्याची होतात. कामाच्या अंदाजासाठी दिलेले ‘पॉइंट’ माणसांची तुलना करायला वापरले जातात, मग प्रत्येक जण आकडे फुगवतो. तपासणी मागे टाकली जाते आणि “झालं” म्हटलेले काम ग्राहकाच्या हातात मोडते. म्हणून ‘झाले’ म्हणजे नेमके काय, हे टीमने लिहून ठेवायचे असते. सगळ्यात मोठा बिघाड म्हणजे भीती. “मी अडकलोय” हे सांगायला जिथे मुलगा किंवा मुलगी घाबरते, तिथे बोर्डावर कितीही रंगीत चिठ्ठ्या लावा, ॲजाइल नाही.

सर्टिफिकेटचे काय?

‘स्क्रम गाइड’ ही मूळ पुस्तिका जेमतेम तेरा-चौदा पानांची आहे आणि इंटरनेटवर मोफत मिळते. पीएसएम-१ या परीक्षेसाठी कोर्स सक्तीचा नाही. घरी वाचून ती देता येते: ६० मिनिटांत ८० प्रश्न, पास व्हायला ८५ टक्के. सीएसएमसाठी मात्र कोर्स करावाच लागतो आणि ते दर दोन वर्षांनी नूतनीकरण मागते.

फक्त या पदांवर विसंबून राहणेही धोक्याचे आहे. अमेरिकेतील कॅपिटल वन बँकेने जानेवारी २०२३ मध्ये ॲजाइलशी संबंधित १,१०० हून अधिक पदे रद्द केली. ते काम इंजिनिअर आणि प्रॉडक्ट मॅनेजर यांच्याकडेच सोपवले गेले. म्हणजे ॲजाइल येणे हवेच, पण सोबत कोडिंग, टेस्टिंग किंवा प्रॉडक्टची जाण हा पक्का हुनर पाहिजे.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

तीन-चार मित्रमैत्रिणींनी मिळून ओळखीच्या दुकानासाठी, दवाखान्यासाठी किंवा मोहल्ल्यातल्या लायब्ररीसाठी छोटे ॲप बनवावे. दोन आठवड्यांची एक अशा चार स्प्रिंट कराव्यात. प्रत्येक स्प्रिंटनंतर खऱ्या वापरणाऱ्याला ते चालवायला द्यावे आणि त्याच्या सांगण्यावरून काय बदलले, ते तारखेसह लिहून ठेवावे. मुलाखतीत “ॲजाइलमध्ये काम केलंय का?” असे विचारले की ही वही आणि चालणारे ॲप पुढे ठेवता येते. उलट आपणही विचारावे: “तुमच्याकडे काम ग्राहकाला किती दिवसांनी दाखवतात? मागच्या रेट्रोस्पेक्टिव्हनंतर काय बदललं?” समोरच्याच्या उत्तरावरून ती टीम कशी चालते, हे बरेचसे कळते.

आणि घरच्यांनी फीचे पैसे भरण्याआधी एकच गोष्ट विचारावी: “बेटा, तू बनवलेलं कुणी वापरतंय का?”