ई-वन जोडणी : इंटरफेसचे सेटिंग

ई-वन ही दूरध्वनी यंत्रांना जोडणारी, सेकंदाला २.०४८ मेगाबिट वेगाची डिजिटल लाइन. भारतात हेच मानक रुळले, अमेरिकेत १.५४४ मेगाबिटची टी-वन चालते. एखाद्या कार्यालयाने ईपीएबीएक्ससाठी, म्हणजे आपल्या अंतर्गत एक्स्चेंजसाठी, पीआरआय ही ई-वनवरची आयएसडीएन लाइन घेतली, की एकाच ई-वनवर एका वेळी ३० संभाषणे चालतात.

लाइनमध्ये ६४ किलोबिटचे ३२ टाइमस्लॉट असतात. ० क्रमांकाचा फ्रेम जुळवतो, १६ क्रमांकाचा सिग्नलिंग वाहतो.

एचडीबी-३ लाइन कोडिंग, फ्रेमिंग आणि चुका तपासणारे सीआरसी-४ दोन्ही टोकांना सारखेच हवे. केबल १२० ओहमची जोडतार की ७५ ओहमची कोॲक्सियल, हेही जुळवावे लागते. क्लॉक मात्र एकाच बाजूने द्यायचा : एक्स्चेंज मास्टर, ग्राहकाचे यंत्र स्लेव्ह. दोन्ही मास्टर राहिले तर लाइन चालू दिसते, पण स्लिप, म्हणजे फ्रेम गळणे किंवा दुबार येणे, वाढत जातात. बोलताना टकटक ऐकू येते, फॅक्स मध्येच तुटतो.

बिघाड शोधताना लूपबॅक लावून, म्हणजे पाठवलेला सिग्नल परत आपल्याकडेच वळवून, आपली बाजू आधी तपासतात. एलओएसचा (लॉस ऑफ सिग्नल) अलार्म म्हणजे सिग्नलच येत नाही. एआयएस (अलार्म इंडिकेशन सिग्नल) म्हणजे केबल शाबूत, दोष पलीकडच्या यंत्रणेत.