ईव्ह मोंताँ : गायक, नट आणि साक्षीदार

लोकप्रिय कलावंताचें मोल केवळ त्याच्या कंठावरून ठरवावें कीं त्याच्या वर्तनावरूनहि, हा वाद जुनाच आहे. फ्रेंच गायक व नट ईव्ह मोंताँ याचें चरित्र या दृष्टीनें आम्हांस उद्बोधक वाटतें.

१९२१ सालीं इटलींत जन्मलेल्या या मुलाचें मूळचें नांव ईव्हो लिव्ही. पिता साम्यवादी असल्यामुळें फॅसिस्टांच्या जाचास कंटाळून हें कुटुंब मार्सेय बंदरांत येऊन राहिलें. तेथें कारखान्यांत व गोदींत राबत हा मुलगा गाऊं लागला. १९४४ सालीं पॅरिसच्या मूलँ रूज येथें एदित पियाफ या विख्यात गायिकेनें त्याला हातीं धरून त्याच्या गायनास वळण लावलें. १९४६ सालीं मार्सेल कार्ने याच्या 'रात्रीचीं दारें' या चित्रपटांत त्यानें नायकाचें काम केलें. चित्रपट पडला; परंतु जोझेफ कोस्माच्या चालीवरील त्यांतलें 'गळलेलीं पानें' हें गीत पुढें मोंताँच्या नांवाशीं कायमचें जोडलें गेलें. १९५३ च्या 'भयाचें वेतन' या चित्रपटांत स्फोटक द्रव्य वाहून नेणारा मोटारचालक त्यानें असा उभा केला कीं, गाणारा मनुष्य नट म्हणूनहि मान्यता पावला.

परंतु खरी कसोटी पुढेंच होती. १९५६ च्या नोव्हेंबरांत सोव्हिएट रणगाडे बुडापेस्टांत शिरले. आणि मोंताँचा रशियाचा दौरा तर आधींच ठरलेला. न जावें तर साम्यवादी मित्रांचा रोष, जावें तर इतरांचा धिक्कार! पत्नी सिमोन सिन्योरे हिच्यासह तो गेला. मात्र मॉस्कोंत क्रुश्चेव्हसमोर बसून हंगेरीविषयीं प्रश्न विचारण्यास तो कचरला नाहीं. १९६८ सालीं प्रागमध्यें तेंच घडलें, तेव्हां जुन्या श्रद्धेचा उरलासुरला धागाहि तुटला.

यानंतरचे दोन चित्रपट वाचकांनीं जोडीनें पाहावे. दोहोंचा दिग्दर्शक कोस्ता गाव्हरास. १९६९ च्या 'झेड' मध्यें उजव्या गटाच्या गुंडांकडून मारला जाणारा लोकप्रतिनिधि मोंताँ आहे. १९७० च्या 'कबुलीजबाब' मध्यें स्वतःच्याच पक्षाच्या छळानें खोटी कबुली देणारा चेकोस्लोव्हाक उपमंत्रीहि तोच. या दुसऱ्या भूमिकेसाठीं त्यानें आपलें शरीर अक्षरशः झिजविलें, आणि तिच्यामुळें जुने सोबती त्याला दुरावले. तरीहि १९७४ सालीं चिलीच्या निर्वासितांसाठीं तो पुन्हां गावयास उभा राहिला.

प्रतिपक्षाच्या अन्यायाविरुद्ध बोलणें सोपें असतें. स्वपक्षाच्या अन्यायाविरुद्ध बोलणाराची जीभ मात्र आप्तस्नेहांचें मोल देते. १९९१ सालीं निवर्तलेल्या या गायकानें तें मोल दिलें, म्हणूनच त्याला साक्षीदार म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.