यंत्राचे वर्णन कोणी सांभाळायचे? : डिव्हाइस ट्रीचा इतिहास

१/ मार्च २०११. एआरएम प्रोसेसरसाठी लिनक्स कर्नलमध्ये येणाऱ्या कोडच्या बजबजपुरीवर लिनस टोरवाल्ड्स यांनी जाहीरपणे संताप व्यक्त केला. या वादाच्या मुळाशी एक साधा प्रश्न होता : यंत्रात काय आहे, हे कर्नलला सांगायचे कोणी?

२/ पीसीआय किंवा यूएसबीला जोडलेले उपकरण विचारणा होताच आपली ओळख सांगते. मोबाइलमधील चिपवरचे सिरियल पोर्ट वा आयटूसीवरील सेन्सर मात्र मुके असतात. त्यांचे पत्ते आणि इंटरप्ट क्रमांक कर्नलला आधीच ठाऊक असावे लागतात.

३/ एआरएमच्या जगात ही माहिती ‘बोर्ड फाइल’ नावाच्या सी भाषेतील फाइलींत लिहिली जाई. नवा बोर्ड आला, की नवी फाइल. परिणामी एका कंपनीच्या चिपसाठी बांधलेला कर्नल दुसरीच्या चिपवर चालत नसे.

४/ उत्तर मात्र जुनेच होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्समध्ये मिच ब्रॅडली यांनी ओपनबूट हे फर्मवेअर घडवले. ते यंत्राची रचना झाडाच्या रूपात ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती देई. १९९४ मध्ये त्यावरून आयईईई १२७५ हे मानक ठरले. ॲपल आणि आयबीएम यांच्या पॉवरपीसी यंत्रांनीही ते स्वीकारले.

५/ लहान एम्बेडेड बोर्डांवर एवढे फर्मवेअर नसे. म्हणून २००५ च्या सुमारास पॉवरपीसी लिनक्सच्या विकसकांनी झाडच सपाट केले. वर्णन ‘डीटीएस’ या मजकूर-फाइलीत लिहायचे, ‘डीटीसी’ या कंपायलरने त्याचे द्विमान रूप करायचे आणि बूटलोडरने ते कर्नलला सोपवायचे.

६/ झाडाच्या प्रत्येक गाठीवर एक उपकरण. ‘कम्पॅटिबल’ हा गुणधर्म त्याची ओळख सांगतो, ‘रेग’ त्याचा पत्ता. ओळख जुळली, की योग्य ड्रायव्हर कामाला लागतो.

७/ २०११ नंतर ग्रँट लाइकली आदींच्या प्रयत्नांनी ही पद्धत एआरएममध्ये रुजली. आर्न्ड बर्गमन आणि ओलोफ योहान्सन यांनी निरनिराळ्या कंपन्यांच्या कोडला शिस्त लावली. डिसेंबर २०१२ च्या लिनक्स ३.७ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या एआरएम चिपांवर चालणारा एकच कर्नल बांधणे शक्य झाले.

८/ याची किंमतही होती. उपकरणासोबत बाहेर पडलेले वर्णन नव्या कर्नललाही वाचता आले पाहिजे. त्यामुळे गुणधर्माचे एकेक नाव करारातील कलमासारखे पारखले जाते. शिवाय हे वर्णन फ्रीबीएसडी आणि यू-बूटही वाचतात. त्यात लिनक्सच्या सोयीचे तपशील घुसवायचे की केवळ यंत्राचे वास्तव नोंदवायचे, हा वाद त्यातूनच उद्भवतो. कर्नल बदलत राहतो. यंत्राची नोंद मात्र त्या यंत्राइतकीच टिकावी लागते.