मधली खुर्ची

आधी खुर्च्या येतात. दोन घरातल्या, एक शेजारून मागून आणलेली, तिचा हात जरा हलणारा. पुढे सतरंजी अंथरली जाते. मधल्या खुर्चीवर आबा बसणार हे सगळ्यांना माहीत असतं; पण त्यांच्या शेजारी मोठी आई बसणार की लेकीच्या सासरहून आलेले व्याही, यावर पाच मिनिटं जातात. सुना पदर सावरत मागे उभ्या राहतात, पोरं सतरंजीवर एकमेकांना ढकलतात. या सगळ्यांत परका माणूस एकच, तो समोर कॅमेरा घेऊन उभा असतो. त्याला या घरात येऊन फार तर पंधरा मिनिटं झालेली असतात. तेवढ्यात त्याला ओळखावं लागतं की इथे कोणाचं चालतं, कोण कोणाशी बोलत नाही आणि कोणत्या काकूंना पुढे बोलावलं तर दुसऱ्या काकू चहा झाल्यावरही रुसलेल्या राहतील.

बऱ्हाणपूरहून इच्छापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या शाहपुरात ही ओळख दोन भाषांत करून घ्यावी लागते. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा निमाडचा हा भाग मध्य प्रदेशातच राहिला. पलीकडचा खानदेश मुंबई राज्यात होता, तो १९६०मध्ये महाराष्ट्रात आला. सोयरिकींनी मात्र ही रेघ मानली नाही. केळीच्या बागा दोन्हीकडे सारख्याच, आणि इथल्या लेकी रावेर-मुक्ताईनगरच्या बाजूला, तिकडच्या इकडे. दुकानाची पाटी हिंदीत, गिऱ्हाइकाची पहिली हाक ‘भैया’. खुर्च्यांवरून बोलणं निघालं की तेच गिऱ्हाईक ‘अहो भाऊ, आबांना मधी बसवा ना’ म्हणत मराठीवर येतं. फोटोग्राफरच्या दृष्टीने ही चांगली खूण. माणूस घरच्या भाषेत आला, म्हणजे आता मान सैल सोडेल.

मान सैल असणं ही या धंद्यातली अगदी जुनी अडचण आहे. १८५४मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, देशातली पहिली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे देशी छायाचित्रकार तिथे तयार झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनीही त्याच दशकात कॅमेरा हातात घेतला. तेव्हा ओल्या काचेवर फोटो घेत. काचेला रसायन लावायचं, ते वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. समोरच्या माणसाने काही सेकंद दगडासारखं बसायचं. डोकं हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी चिमटा लावत, तो माणसाच्या आड लपलेला असे. जुन्या फोटोंतले आपले पणजोबा इतके करारी का दिसतात, याचं थोडं श्रेय त्या चिमट्याला द्यायला हवं.

त्याच मुंबईत विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ साली मुंबईच्या जातीजमातींवर दोन खंड काढले. माणसं स्टुडिओत बसवून टिपायची, आकृत्या कापायच्या आणि वेगळ्याच देखाव्याच्या फोटोवर चिकटवायच्या, ही त्याची युक्ती. आज मोबाइलवर पोरं जे अंगठ्याने करतात, ते त्याने कात्रीने केलं. पण एक फरक आहे. जॉन्सनच्या पुस्तकात माणूस ‘नमुना’ म्हणून उभा होता. कुठे उभं राहायचं हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. गिऱ्हाईक पैसे देऊन फोटो काढून घेऊ लागलं तेव्हा ते विचारणं सुरू झालं, आणि खुर्चीचा वादही.

निमाडला या कलेचं वारं लागलं ते बहुधा इंदूरकडून. सरधन्यात जन्मलेले लाला दीनदयाळ इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला होते. दुसरे तुकोजीराव होळकर यांच्या आश्रयाने त्यांचा छंद धंदा झाला आणि पुढे ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार बनले. त्यांच्या कारकिर्दीतली एक गोष्ट इथे महत्त्वाची. पडद्यातल्या बायकांचे फोटो परपुरुषाने कसे काढायचे? दीनदयाळांनी १८९२मध्ये हैदराबादला खास जनाना स्टुडिओ उघडला आणि तिथे मिसेस केनी-लेविक या इंग्रज बाईंना नेमलं.

लहान गावाला हे परवडणारं नव्हतं. तिथे तोडगा निघाला तो घरातल्याच एखाद्या वयस्कर बाईच्या रूपाने. फोटोग्राफर सुनेशी थेट बोलत नसे. ‘काकू, त्यांना सांगा जरा डावीकडे सरकायला,’ असं तो म्हणणार, काकू सांगणार, सून दोन बोटं सरकणार. पदर कपाळावर किती यावा हेही काकूच ठरवणार. एका फोटोमागे तीन माणसांचं संभाषण, आणि जिचा फोटो ती त्यात एक शब्दही बोलत नसे.

बोलणं व्हायच्या आधी भीती घालवावी लागे. फोटोने आयुष्य कमी होतं, हे महाराष्ट्रात कोणी ऐकलं नसेल असं नाही. दादासाहेब फाळके यांना याचा चांगलाच फटका बसला. सिनेमा त्यांच्या आयुष्यात यायच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, त्यांनी गोध्र्यात फोटो स्टुडिओ थाटला होता. तिथे प्लेगने बायको आणि मूल नेलं. बडोद्याला परतून त्यांनी पुन्हा धंदा मांडला, तर कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो, अशी वदंता पसरली, गिऱ्हाइकं फिरकेनात. ज्या वर्षांत प्लेग घराघरातली माणसं उचलून नेत होता, त्याच वर्षांत लोकांनी मृत्यूचं खापर एका काळ्या पेटीवर फोडलं, यात मूर्खपणापेक्षा हतबलता जास्त दिसते.

ही भीती कोणत्याही भाषणाने गेली नाही. मेलेल्या माणसाचा फोटो घरात हवा, या गरजेपुढे ती हळूहळू मागे सरली. भिंतीवरच्या फोटोला हार घातला की तो माणूस गेलेला, हे लहान पोरालाही कळतं. जिवंत माणसाची तसबीर त्या रांगेत कोणी लावत नाही. पण आजोबांचा फोटोच नसेल तर? दहाव्याच्या आत मुलगा स्टुडिओत येणार, हातात लग्नातला ग्रुप फोटो, त्यात तिसऱ्या रांगेत नखाएवढे आजोबा, टोपीवर कोणाची तरी सावली. फोटोग्राफर त्याचा फोटो घेणार, चेहरा मोठा करणार, पुसट झालेल्या मिशा पेन्सिलीने भरणार. कधी डोळे मिटलेले असत, तेही उघडावे लागत. नव्या घराची ओळख अशी मयतापासून झाली की ते घर पुढे बारसं, साखरपुडा, लग्न, सगळ्याला त्याच स्टुडिओत येई.

मध्य प्रदेशातल्या अशा गावठी स्टुडिओची सर्वांत नीट नोंद झाली ती उज्जैनजवळच्या नागद्याची. तिथे सुरेश पंजाबी यांनी १९७९मध्ये ‘सुहाग स्टुडिओ’ सुरू केला. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर पिनी यांनी या गावात वर्षानुवर्षं राहून फोटोंचा अभ्यास केला. पंजाबींच्या निगेटिव्हजवर दोघांचं ‘आर्टिझन कॅमेरा’ हे पुस्तक २०१३ साली चेन्नईच्या तारा बुक्सने काढलं. पिनींचा स्वतःचा अनुभव मोठा मासलेवाईक आहे. त्यांनी ओळखीच्या मंडळींचे कलात्मक फोटो काढले, अर्ध्या शरीराचे, चेहऱ्यावर थोडा उजेड थोडी सावली. ते लोकांना पसंत पडेनात. तोंड काळं का? पाय कुठे गेले? त्यांना माणूस समोरून, लख्ख आणि पायांसकट हवा होता. निमाड-खानदेशातल्या कोणत्याही जुन्या स्टुडिओवाल्याला हे ऐकून नवल वाटणार नाही. चपलेचे पैसे दिलेत, मग चप्पल दिसायला नको?

नेमकं उलट मुंबईत गौतम राजाध्यक्ष करत होते. ‘चंदेरी’चे संपादक आणि नटनट्यांचे छायाचित्रकार म्हणून गाजलेले राजाध्यक्ष २०११मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकाचं नावच ‘चेहरे’. तिथे खुर्ची नाही, पाय नाहीत, व्याही तर नाहीतच. एका माणसाचा फक्त चेहरा पुरेसा असतो, हे म्हणणं तो चेहरा आधीच सगळ्यांच्या ओळखीचा असेल तर सोपं. शाहपूरच्या आबांना खुर्ची लागते, कारण तिच्यावाचून ते आबा आहेत हे बघणाऱ्याला कळणार नाही.

तंत्राचाही यात हात होता. १२० नंबरच्या रोलमध्ये चौकोनी फोटो निघायचे बारा. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ माल असो की परदेशी, एक फोटो वाया गेला की बारावा हिस्सा गेला. म्हणून एका कुटुंबाला दोनच खटके: एक खरा, दुसरा कोणी डोळे मिचकावले तर. साहजिकच सगळी मेहनत खटक्याच्या आधी. गाव कोणतं, पीक काय, पाव्हणे कोणते, हे विचारता विचारता फोटोग्राफर हनुवट्या वर करायचा, पोराच्या शर्टाचं बटण लावायचा, आबांची काठी बाजूला ठेवायचा आणि आबांनी ती परत मागितली की परत द्यायचा. गप्पा हाच त्याचा लाइटमीटर. मग ‘रोल संपला की या’ असं सांगून महिनाभराने प्रिंट.

लग्नाच्या मुलीचा ‘दाखवायचा’ फोटो हा वेगळाच मामला. बरोबर आई आणि मामा. साडी पेटीतून काढून, इस्त्री करून आणलेली. शेजारी उंच तिवईवर कागदी फुलांची फुलदाणी. मामाची सूचना दबक्या आवाजात: ‘भाऊ, जरा उजळ काढा.’ निगेटिव्हवर पेन्सिल फिरे आणि मुलगी उजळे. हा फोटो पाकिटातून तापीच्या अलीकडे-पलीकडे फिरायचा, कधी चार घरं फिरून कोपरे दुमडून परत यायचा. पुढे वरपक्षाची निराशा झाली तर बोल फोटोग्राफरला. ज्या मुलीने त्या खटक्यापुरता श्वास रोखून धरला, तिला तो फोटो कसा वाटला हे विचारायची पद्धत नव्हती.

स्टुडिओतल्या पडद्यांवर काय काय नव्हतं! कारंजं, जिना, काश्मीर, विमान आणि हमखास ताजमहाल. मुमताज १६३१मध्ये वारली ती बऱ्हाणपुरात, आणि आधी तिला पुरलं तेही तापीपलीकडच्या झैनाबादेत. पण नवं जोडपं उभं राहणार आग्र्याच्या पडद्यापुढे, कारण आपल्या गावचं काही मागे असेल तर स्टुडिओत कशाला यायचं?

मग सरकारने फोटो काढायला सुरुवात केली. १९९३मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी मतदारांच्या सचित्र ओळखपत्राचा आग्रह धरला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिलं आधार दिलं गेलं. शाळेच्या खोलीत एक स्टूल, मागे भिंत किंवा चादर, ‘पुढचा’ अशी हाक. आजीला इथे कोणी विचारलं नाही की शेजारी कोण बसणार. शेजारी कोणी बसूच शकत नव्हतं. कित्येक बायांचा हा आयुष्यातला पहिला एकटीचा फोटो. आणि आजी गेली की घरचे तेच कार्ड घेऊन स्टुडिओत येतात, सरकारी शिक्का कडेने कापून चेहरा मोठा करायला.

आता शाहपुरातही लग्नात ड्रोन उडतो, आणि नवरा-नवरीचा आदल्या महिन्यातला ‘प्री-वेडिंग’ केळीच्या बागेत होतो, पडदा न लावता. खटके शेकड्यांनी. पण जेवणं उरकली की कोणीतरी ओरडतंच, ‘घरचा एक काढा रे.’ खुर्च्या येतात, आता प्लास्टिकच्या. पोरं पुढे, सुना मागे, मोठी आई डावीकडे. मधल्या खुर्चीवर कोणी बसायला गेलं तर थोरला मुलगा हात धरून उठवतो आणि फोटोग्राफरला म्हणतो, ‘ती रिकामीच राहू द्या भाऊ, आबांचा जुना फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो. नंतर बसवा त्यांना.’