भूदृश्यांचे रंगीत छायामुद्रण

भूदृश्यांचे रंगीत छायामुद्रण : डोंगर, दऱ्या, नद्या, वने, माळराने इत्यादींची छायाचित्रे अंधारखोलीत (प्रचलित शब्दांत डार्करूममध्ये) रासायनिक प्रक्रियांनी कागदावर रंगीत उतरविण्याची कला व तंत्र. या तंत्राचा पाया १८६१ मध्ये घातला गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पूर्णत्वास पोहोचले आणि २००० नंतर अंकीय छायाचित्रणाच्या प्रसाराबरोबर मागे पडले. भूदृश्य हा विषय या तंत्राच्या कसोटीचा मानला जातो. व्यक्तिचित्रात कातडीचा रंग साधला की बरेचसे काम भागते. भूदृश्यात मात्र आकाश, पाणी, पाने, दगड व माती यांचे रंग एकाच कागदावर, एकमेकांना बाध न आणता, साधावे लागतात.

पार्श्वभूमी : भूदृश्याचे छायाचित्रण रंगाच्या कितीतरी आधी सुरू झाले. अमेरिकेत कार्लटन वॉटकिन्स यांनी १८६१ मध्ये योसेमिटी दरीची आणि विल्यम हेन्री जॅक्सन यांनी १८७१ मध्ये यलोस्टोन प्रदेशाची मोठ्या काचपट्ट्यांवर घेतलेली छायाचित्रे तेथील निसर्गसंरक्षणाच्या चळवळीस पोषक ठरली. भारतात मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली व पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी व हरिचंद चिंतामण ही या आरंभकाळातील ठळक नावे होत. मराठवाड्यापुरते पाहता मेजर रॉबर्ट गिल यांचे कार्य विशेष मोलाचे आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ मध्ये आलेल्या गिल यांनी पुढे कॅमेरा हाती घेतला. त्यांची त्रिमितीय छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह १८६४ मध्ये दोन ग्रंथांत प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एकात वास्तूंच्या जोडीने पश्चिम भारतातील निसर्गासही स्थान होते. निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी हैदराबाद संस्थानातील वेरूळ, दौलताबाद इ. स्थळांची चित्रे घेतली. ही सर्व चित्रे एकरंगी होती. रंग हवाच असेल, तर तो कुंचल्याने वरून भरला जाई आणि तो छायाचित्राचा नव्हे, रंगाऱ्याचा असे.

तत्त्व व आरंभीचे प्रयोग : जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एक प्रयोग करून दाखविला. एकाच वस्तूची तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांतून घेतलेली तीन कृष्णधवल चित्रे त्याच रंगांच्या प्रकाशात पडद्यावर एकावर एक टाकली, तेव्हा मूळ वस्तूचे रंग उमटले. कागदावरील मुद्रणाची वाट मात्र फ्रान्सच्या लुई द्यूको द्यू ओराँ यांनी काढली. पडद्यावर प्रकाश मिळविला जातो, तर कागदावर तो शोषला जातो. म्हणून कागदावर तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळणीतून मिळालेल्या प्रती अनुक्रमे निळसर हिरव्या, किरमिजी व पिवळ्या रंजकात छापाव्या लागतात, हे त्यांनी १८६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत मांडले. त्यांनी १८७७ मध्ये तयार केलेले आंगूलेम गावाचे दृश्य हा या रीतीचा पहिल्या यशस्वी नमुन्यांपैकी एक होय. रंगीत छायामुद्रणाच्या आरंभीच भूदृश्य होते, हा योगायोग नव्हे. त्या काळचे पायस तांबड्या प्रकाशास जवळजवळ आंधळे असल्याने उद्भासन फार वेळ द्यावे लागे आणि तितका वेळ स्थिर राहणारा विषय गाव व डोंगर हाच असे. हेर्मान फोगेल यांनी १८७३ मध्ये रंजक मिसळून पायसाची संवेदनक्षमता वाढविण्याची युक्ती शोधल्यावर ही अडचण हळूहळू दूर झाली. ल्यूम्येअर बंधूंची ऑटोक्रोम काचपट्टी १९०७ मध्ये बाजारात आली. बटाट्याच्या पिठुळाचे रंगविलेले सूक्ष्म कण तिच्यात गाळणीचे काम करीत. अल्बेअर कान या फ्रेंच धनिकाने तिच्यावर जगभरातील सुमारे ७२,००० दृश्ये टिपून घेतली. त्याचे छायाचित्रकार भारतातही येऊन गेले. तथापि ऑटोक्रोम ही एकुलती एक काच असे. तिची प्रत कागदावर काढणे सोपे नव्हते.

महाराष्ट्रातील रंगीत मुद्रण : महाराष्ट्रात रंगाचा प्रश्न प्रथम अजिंठ्यापाशी उभा राहिला. गिल यांच्या रंगीत प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये सिडनॅम येथील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने १८७२–८५ या काळात नव्या प्रती केल्या. त्यांचाही मोठा भाग १८८५ मध्ये लंडनमध्ये जळाला. ग्रिफिथ्स यांचा ग्रंथ १८९६–९७ मध्ये निघाला, त्यातील रंग शिळामुद्रणाचे होते. प्रत्यक्ष छायाचित्रांवर आधारलेली रंगीत चित्रे अभ्यासकांना मिळाली ती हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांच्या चार भागांच्या ग्रंथातून (१९३०–५५). हाताने केलेल्या प्रतीत नक्कल करणाऱ्याची नजर उतरते, हा आक्षेप त्यामुळे पुष्कळसा दूर झाला.

दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रण व मुद्रण याच व्यवसायांत होते आणि रंगीत मुद्रणाच्या अभ्यासासाठी व यंत्रसामग्रीसाठी ते १९०९ मध्ये जर्मनीस गेले होते. प्रभात फिल्म कंपनीने सैरंध्री (१९३३) या चित्रपटाच्या रंगीत प्रती जर्मनीतच तयार करवून घेतल्या. रंग मनासारखे उतरले नाहीत आणि कंपनी पुन्हा कृष्णधवलाकडे वळली. या दोन्ही उदाहरणांवरून दिसते की, येथे दृष्टी व हौस होती, पण रंग पक्का करणारे रसायन व कागद परदेशातून आणावे लागत. भूदृश्याचे वैयक्तिक, कलात्मक रंगीत मुद्रण महाराष्ट्रात फारसे रुजले नाही, याचे मुख्य कारण हेच होय.

रंजक-संक्रमण पद्धती : कोडॅक्रोम (१९३५), आग्फाकलर (१९३६) व एक्टाक्रोम (१९४६) या फिल्मांमुळे रंगीत पारदर्शिका मिळविणे सुलभ झाले. तिच्यावरून कागदावर उत्तम प्रत काढण्यासाठी ईस्टमन कोडॅक कंपनीने १९४० नंतरच्या दशकाच्या मध्यास रंजक-संक्रमण पद्धती सिद्ध केली. तीत पारदर्शिकेवरून तीन गाळण्यांतून तीन कृष्णधवल व्यस्त प्रती घेतात. त्या सर्व रंगांस संवेदी अशा फिल्मवर घ्याव्या लागत असल्याने हे काम पूर्ण काळोखात, हाताच्या अंदाजाने करावे लागते. प्रत्येक व्यस्त प्रतीवरून चित्राच्या अंतिम आकाराचा एक जिलेटिनी साचा तयार करतात. विशिष्ट विकसकाने प्रकाश पडलेल्या जागचे जिलेटीन कठीण होते. उरलेले गरम पाण्याने धुऊन निघते आणि साच्यावर चित्राचा उठाव राहतो. तीन साचे अनुक्रमे निळसर हिरव्या, किरमिजी व पिवळ्या रंजकांत भिजवून एकामागून एक कागदावर लाटणीने दाबले जातात व रंजक कागदात उतरते. तिन्ही प्रतिमा काटेकोर जुळाव्या लागतात. केसभर सरकले तरी झाडाच्या फांदीला रंगीत कड येते.

ही पद्धती वेळखाऊ व खर्चिक होती. परंतु कोणत्याही एका रंगाचे प्रमाण इतरांस धक्का न लावता वाढविणे वा घटविणे तिच्यातच शक्य होते. साचा धुण्याच्या आम्लमिश्रित पाण्याची तीव्रता बदलली की त्या रंगाची गडदता बदले. भूदृश्याच्या मुद्रकास नेमके हेच हवे असते. सावलीतील खडकावर आकाशाची निळी झाक येते. ती किती ठेवावी व किती काढावी, हा निर्णय यंत्र घेऊ शकत नाही.

या पद्धतीचा सर्वश्रेष्ठ उपासक म्हणून एलियट पोर्टर (१९०१–९०) यांचे नाव घेतले जाते. मूळचे वैद्यकाचे पदवीधर व हार्व्हर्ड विद्यापीठात जीवाणुशास्त्राचे अध्यापक असलेले पोर्टर पक्ष्यांची छायाचित्रे घेत. कृष्णधवल चित्रांत पक्ष्यांच्या जाती ओळखू येत नाहीत, या प्रकाशकाच्या हरकतीमुळे ते रंगाकडे वळले. पुढे त्यांचे लक्ष पक्ष्यांवरून पाने, शेवाळ, ओले दगड व पाण्यातील प्रतिबिंबे यांवर स्थिरावले. विराट पर्वतशिखरांपेक्षा चार हात जागेत मावणारा निसर्ग त्यांना अधिक आवडे. ॲन्सेल ॲडम्स यांच्यासारखा थोर मुद्रक रंगाविषयी अखेरपर्यंत साशंक राहिला. रंगीत मुद्रणात कृष्णधवलाइतके नियंत्रण नाही, हा त्यांचा आक्षेप पोर्टर यांच्या प्रतींपुढे टिकत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने रंगीत छायाचित्रांचे एका व्यक्तीचे पहिले प्रदर्शन भरविले (१९७९–८०), ते पोर्टर यांचेच.

सिएरा क्लबने १९६३ मध्ये पोर्टर यांचा ग्लेन कॅन्यनवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. कोलोरॅडो नदीची ही दरी त्याच वर्षी धरणाचे दरवाजे बंद झाल्याने पाण्याखाली जाऊ लागली. तांबूस वालुकाश्माच्या भिंती, त्यांवरील काळ्या ओघळांच्या रेषा, तळच्या हिरव्या पाण्यातील आकाश हे सारे त्यानंतर कागदावरच पाहता येण्याजोगे उरले. भूदृश्याच्या रंगीत प्रतीला दस्तऐवजाचे मोल येऊ शकते, हे या ग्रंथामुळे सर्वसामान्य वाचकांस प्रथम उमगले.

नंतरच्या पद्धती : स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने १९६३ मध्ये सिबाक्रोम हे द्रव्य आणले. बेला गास्पार यांनी १९३० नंतरच्या दशकात केलेल्या कामावर ते आधारले होते. त्याच्या थरांत तिन्ही ॲझो रंजके आधीच भरलेली असतात व प्रक्रियेत नको तेथील रंजक विरंजित होऊन जाते. पारदर्शिकेवरून थेट सम प्रत मिळत असल्याने हौशी छायाचित्रकारांत ते लोकप्रिय झाले. त्याचा दोष म्हणजे अतिरिक्त तीव्र विरोध. छापील कागदावर सर्वांत उजळ व सर्वांत काळ्या भागांच्या प्रकाशाचे गुणोत्तर साधारणतः शंभरास एक एवढेच असते. उन्हातील दृश्यात व पारदर्शिकेत ते कितीतरी अधिक असते. दख्खनच्या पठारावरील वैशाखातील दृश्य या दृष्टीने फार अवघड होय. एकीकडे ऊन खाऊन पांढरे पडलेले गवत व निस्तेज आकाश, दुसरीकडे नांगरलेली काळी जमीन व तिच्याहून काळा बेसाल्ट. सरळ प्रत काढल्यास जमिनीचा नुसता डाग उमटतो. ढेकळे, भेगा व सावल्या दिसण्यासाठी पारदर्शिकेवर फिक्या कृष्णधवल व्यस्त प्रतीचे आवरण जुळवून विरोध कमी करावा लागतो.

सर्वाधिक प्रसार मात्र रंगजनक कागदाचा झाला. रूडोल्फ फिशर यांनी १९१२ च्या सुमारास मांडलेल्या तत्त्वानुसार याच्या थरांत विकसनाच्या वेळीच रंजके तयार होतात. प्रक्रिया सोपी व स्वस्त. पण विकसकाचे तापमान ३३°–३८° से. दरम्यान ठरलेल्या अंकावर ठेवावे लागते व त्यात अर्ध्या अंशाचा फरकही रंगाचा तोल बिघडवितो. सिबाक्रोमसाठी सुमारे २४° से. तापमान लागते, तर मराठवाड्यात उन्हाळ्यात हवेचे तापमान ४०° से. च्या वर जाते. शिवाय प्रत धुण्यास भरपूर स्वच्छ पाणी लागते. ज्या लातूर शहरास २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या प्रदेशात घरगुती रंगीत अंधारखोली का वाढली नाही, याचे उत्तर केवळ रसिकतेच्या अभावात शोधणे अन्यायाचे ठरेल. कृष्णधवल प्रती तालुक्याच्या स्टुडिओतही निघत. रंगीत रोळ मोठ्या शहराकडे पाठविला जाई. १९८० नंतर स्वयंचलित यंत्रे आली आणि रंगाचा निर्णय यंत्र चालविणाऱ्याच्या हाती गेला.

रंगांचे टिकाऊपण व किल्लारी : लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी व परिसरात ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. दगड-मातीच्या जाड भिंतींची व माळवदाची घरे जमीनदोस्त झाली. त्यानंतर किल्लारीसह ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. अरुंद बोळ, वाडे व बुरूज असलेली जुनी गावठाणे ओसाड पडली व सरळ रस्त्यांच्या आखीव वसाहती उभ्या राहिल्या. तेरणेच्या खोऱ्यातील या गावांचे भूदृश्यच पालटले. अमेरिकी कल्पनेतील निर्जन निसर्ग हा नव्हे. मराठी मुलखात माळाला गाव व गावाला शिवार जोडलेले असते आणि भूदृश्य म्हणून जे गेले, ते या जोडणीचे. ढिगाऱ्यांची छायाचित्रे जगभर पोहोचली. भूकंपापूर्वीच्या गावाची रंगीत नोंद शोधायची, तर ती लग्नकार्य, जत्रा वा शाळेचे स्नेहसंमेलन अशा प्रसंगी घेतलेल्या चित्रांच्या पार्श्वभूमीतच शोधावी लागते.

अशी चित्रे रंगजनक कागदावरची असतात व तोच कागद सर्वांत अल्पायुषी होय. १९६० व १९७० नंतरच्या दशकांतील कागदांवरील निळसर हिरवे रंजक अंधारात ठेवूनही विरत जाते व चित्र तांबूस होते. उजेडात टांगलेल्या प्रतीत बहुधा किरमिजी रंग आधी जातो. उष्णता व दमटपणा यांमुळे हा ऱ्हास वेगाने होतो. हेन्री विल्हेल्म यांचा रंगीत छायाचित्रांच्या टिकाऊपणाविषयीचा मोठा ग्रंथ, योगायोगाने, १९९३ मध्येच प्रसिद्ध झाला. त्यात निरनिराळ्या कागदांच्या चाचण्या व थंड जागी साठवणीचे उपाय दिले आहेत. सिबाक्रोम व रंजक-संक्रमण यांच्या प्रती अंधारात फार काळ टिकतात. दुसऱ्या पद्धतीचा आणखी एक लाभ असा की, तिच्यातील तीन विलगित व्यस्त प्रती चांदीच्या असल्याने त्यांत विरण्यासारखे रंजकच नसते आणि छापलेली प्रत फिकी पडली, तरी त्यांवरून मूळ रंग पुन्हा छापता येतात. सेर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की यांनी १९०९–१५ दरम्यान रशियात घेतलेल्या त्रिवर्णी काचपट्ट्यांचे रंग शंभर वर्षांनंतर जसेच्या तसे उभे करता आले, ते यामुळेच.

कोडॅकने रंजक-संक्रमणाची सामग्री १९९४ मध्ये बंद केली. सिबाक्रोम पुढे इल्फोक्रोम या नावाने विकले जाई. त्याच्या अखेरच्या उत्पादनाची घोषणा २०११ मध्ये झाली. काही मुद्रकांनी शीतपेट्यांत साठविलेल्या कागदावर त्यानंतरही काम चालू ठेवले. रंगजनक कागद अद्याप निघतो; पण त्यावर प्रकाश टाकण्याचे काम बहुधा वर्धक नव्हे, संगणकचलित लेसर करतो. विरलेल्या जुन्या प्रतींचे क्रमवीक्षण करून त्यांचे रंग संगणकावर सावरता येतात. मात्र उरलेल्या रंजकाच्या खुणांवरून गेलेल्या रंगाचा अंदाज बांधावा लागतो. एखादे रंजक पूर्णपणे गेलेले असल्यास अंदाजास आधार उरत नाही, म्हणून अशा प्रतींचे क्रमवीक्षण लवकर करणे आवश्यक असते.