लुसर्न : तलावाकाठी तीन दिवस

विश्रांतीविषयी कामगार संघटनेच्या माणसाने बोलावे, हे पुष्कळांना विचित्र वाटेल. आम्हांला तिची सवय नाही. खरे सांगायचे तर तिच्याविषयी थोडी अढीच आहे. आमचे वडील मुंबईच्या गिरणीत बदली कामगार होते. भरपगारी रजेसाठी १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे वर्षात २४० दिवस भरावे लागत. बदलीवाल्याचे ते भरत तरी, नाहीतर हुकत. गणपतीला गावी जायचे म्हणजे रोजावर पाणी सोडायचे. अशा घरातून आलेले आम्ही, २०१९ च्या जूनमध्ये जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेला गेलो होतो. काम आटोपल्यावर सोबत्यांनी ‘तीन दिवस स्वस्थ बसून या’ म्हणून आम्हांला लुसर्नला धाडले. गेलो, पण चोरी केल्यासारखे.

लुसर्न हे गाव माणसाने बसावे म्हणूनच वसवल्यासारखे दिसते. पुढ्यात सरोवर, एका अंगाला पिलाटस, दुसऱ्या अंगाला रिगी, आणि पाण्याकाठी चेस्टनटच्या सावलीत बाके. १८६३ साली टॉमस कुकने या देशात पहिली सहल आणली. १८६८ साली व्हिक्टोरिया राणी टोपणनाव घेऊन येथे राहून गेली. १८७१ साली रिगीवर दातेरी रुळांची गाडी चढली. म्हणजे विश्रांती हा येथला दीडशे वर्षांचा चालता धंदा आहे. आम्ही मात्र बाकावर जेमतेम अर्धा तास टिकलो आणि गावातला प्रसिद्ध सिंह पाहायला उठलो.

कातळात कोरलेला हा सिंह मरणाच्या दारी आहे. १० ऑगस्ट १७९२ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सच्या राजाचा वाडा राखताना पडलेल्या स्विस शिपायांचे हे स्मारक १८२१ सालचे. पाहून गलबलते, हे कबूल. परंतु त्याखालचा लेख वाचला आणि आमच्यातला हजेरीपटवाला जागा झाला. नावे आहेत ती अधिकाऱ्यांची. शिपायांचा नुसता आकडा : पडले सुमारे ७६०, वाचले सुमारे ३५०. पोटासाठी परमुलखात गेलेली डोंगरातली पोरे ती. त्यांची नावे कोण कोरतो?

तेथेच मनात आले की, पोटासाठी या देशात आलेली परमुलखातली पोरेही याच डोंगरांत मेली, आणि ती जागा सरोवराच्या पलीकडच्या टोकापासून फार दूर नाही. झाले! दुसऱ्या दिवशी विश्रांती बाजूला ठेवून आम्ही आगबोटीने फ्ल्युएलेन आणि तेथून आगगाडीने ग्योशेनेन गाठले.

गोटहार्ड पर्वताखालचा १५ किलोमीटरचा रेल्वेबोगदा १८७२ साली दोन्ही तोंडांनी खणू लागले. उत्तरेचे तोंड ग्योशेनेन, दक्षिणेचे ऐरोलो. कंत्राटदार जिनीव्हाचा लुई फाव्र, सुताराचा मुलगा. मुदत आठ वर्षांची, आणि उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० फ्रँक दंड. कागदावर हा दंड कंत्राटदाराला होता. वसूल तो मजुराच्या छातीतून होई. मजूर बहुतेक इटालियन. सुरुंगाचा धूर नीट निघण्यापूर्वीच त्यांना आत जावे लागे. आत उकाडा, गुडघाभर पाणी, शौचाची धड सोय नाही. त्यातून पोटात हुकवर्म शिरले. माणसे पांढरीफटक पडत. त्या रोगाचे मूळ तुरिनच्या पेरोंचितो यांनी १८८० साली दाखवले.

२७ जुलै १८७५ रोजी ग्योशेनेनचे मजूर संपावर गेले. मागणे श्वासापुरत्या हवेचे आणि जास्त मजुरीचे. दुसऱ्या दिवशी उरी प्रांताच्या हत्यारी लोकांनी गोळ्या झाडल्या. चार मजूर ठार झाले. विल्यम टेलने सुभेदाराच्या टोपीला मुजरा नाकारला अशी कथा सांगतात तो हाच उरी प्रांत! त्याच १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आणि बोगद्याचे म्हणाल, तर आपल्या बोरघाटातही थकलेल्या मजुरीपायी १८५९ च्या जानेवारीत दंगा झालाच होता.

१८७९ साली फाव्र स्वतःच बोगद्यात कोसळून मेला. दोन्ही तोंडे २९ फेब्रुवारी १८८० रोजी एकमेकांस मिळाली. १८८२ साली गाड्या धावल्या. तोवर दोनशेच्या आसपास मजूर कामी आले होते.

आमची गाडी तोच बोगदा सुमारे दहा मिनिटांत पार करून गेली. ऐरोलोला उतरलो ते व्हिन्चेंझो व्हेलाचे शिल्प पाहायला. व्हेला याच तिचिनो प्रांताचा, लहानपणी पाथरवटाच्या हाताखाली राबलेला. मेलेल्या सोबत्याला डोलीवर घालून नेणारे बोगद्यातले मजूर त्याने १८८२-८३ च्या सुमारास घडवले, तेही कोणी सांगितले नसताना. ऐरोलोला ते उभे राहिले १९३२ साली. येथेही नावे नाहीत. पण डोलीवरच्या माणसाला खांदे आहेत, सिंहाला ते नाहीत. आमचे मत कलावंताचे नव्हे. तरी आम्हांला हे अधिक खरे वाटले.

रात्री लुसर्नला परतलो. सकाळी खोली झाडायला आलेल्या पोर्तुगीज बाईशी मोडक्या इंग्रजीत बोललो. वर्षाची चार आठवड्यांची भरपगारी रजा तिला कायद्याने मिळते. ऑगस्टात ती गावी जाते. या देशात १८७७ साली अकरा तासांचा दिवस ठरला तो जनमताच्या निसटत्या कौलाने. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या खटपटीने १८९० साली मिळाली. परंतु २०१२ साली सहा आठवड्यांच्या रजेचा प्रस्ताव स्विस मतदारांपुढे आला, तेव्हा त्यांनीच तो मोठ्या बहुमताने फेटाळला. नोकऱ्या जातील, अशी भीती मालकांनी घातली होती. हे आम्ही बाईला विचारले. ती म्हणाली, “मला मत नाही. मी परकी.” आणि चादर झटकू लागली.

त्या दिवशी आम्ही चेस्टनटखालच्या बाकावर न्याहारीनंतर बसलो, ते दिवे लागेपर्यंत. मध्ये एकदा पाव आणण्यापुरते उठलो होतो.